पाणवठ्याची उत्तर कड

१

१९४१ च्या उन्हाळ्यात मला आणि गिरिधरला हैदराबादहून दोन महिन्यांचा वजीफा मिळाला. आम्ही दोघंही एम.एस्सी.ला होतो, मी वनस्पतिशास्त्राला आणि तो प्राणिशास्त्राला. भोकरदन तालुक्यात धावड्याच्या वर डोंगरात एक राखीव जंगल होतं. तिथे शिकारीला बंदी होऊन बारा वर्षं झाली होती. बंदीमुळे जनावरं वाढली का, हे जंगलखात्याला कागदावर हवं होतं, आणि ऐन उन्हाळ्यात डोंगरात राहायला तयार होतील असे विद्यार्थी प्राध्यापकांना हवे होते. एप्रिल आणि मे तिथे काढायचे, झाडांची नोंद करायची आणि त्या जंगलातल्या एकुलत्या एक पाणवठ्यावर कोणतं जनावर कधी येतं ते लिहायचं, एवढंच काम होतं.

गिरिधर परतूरचा. घरची शेती मोठी, पण त्याला पिकापेक्षा पिकावरच्या किड्यांत रस. अंगानं उंच, बोलायला मोकळा, आणि कुठल्याही गोष्टीला हात लावून पाहिल्याशिवाय चैन न पडणारा. माझ्या धाकट्या बहिणीशी, शरयूशी, त्याचं लग्न ठरलं होतं. मार्गशीर्षात व्हायचं होतं. सोयरीक माझ्याच मध्यस्थीनं जुळली होती. त्यामुळे पुढे जे झालं त्यात मी नुसता पाहणारा होतो असं मला म्हणता येत नाही.

आम्ही जंगलखात्याच्या चौकीत उतरलो. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर कौलं. पलीकडे रखवालदार रामकिसनचं घर. त्याची बायको सगुणाबाई आमच्या भाकऱ्या भाजायची. पन्नाशीची दोघं, कमी बोलणारी. त्यांचा भुऱ्या नावाचा कुत्रा पहिल्याच दिवशी गिरिधरच्या पायावर डोकं ठेवून झोपला आणि मग रोज तिथेच झोपू लागला.

काम आम्ही वाटून घेतलं. एक दिवस मी पाणवठ्यावर आणि तो झाडांकडे, दुसऱ्या दिवशी उलट. पाणवठ्याच्या पश्चिमेला दगड रचून केलेला कमरेएवढा आडोसा होता, आत बसायला सागाची फळी. सकाळी आठला जाऊन बसायचं, संध्याकाळी पाचला उठायचं. वहीत रकाने आखलेले: वेळ, जनावर, किती, कुठून आलं, कोणत्या कडेला पाणी प्यालं.

२

दहाव्या दिवशी मी ओसरीवर बसून वहीची गोळाबेरीज करत होतो. पूर्व, पश्चिम, दक्षिण हे रकाने भरले होते. उत्तरेचा रकाना कोरा होता.

मला वाटलं माझंच लिहायचं राहून गेलं. पाण्यावर जायला उत्तरेची कडच सगळ्यांत सोयीची होती. तिथे रुंद सपाट दगड पाण्यापर्यंत उतरत गेलेला, वर अर्जुनाची सावली. पूर्वेला गुडघाभर चिखल, दक्षिणेला उभी दरड. दरडीवरून घसरत येऊन भेकरं पाणी पीत, चिखलात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, पाय रुतत, पण सपाट दगडावर कुणी येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. भर दुपारी वानरांचा कळप आला, तीस-एक असतील. काठाला ओळीनं, खांद्याला खांदा लावून बसली. ओळ उत्तरेला आली आणि तुटली. साधारण चार हात जागा सोडून पुढे पुन्हा सुरू झाली. एक पिल्लू काठाकाठानं पळत येत होतं. त्या जागेपाशी आल्यावर ते थांबलं नाही, बिचकलं नाही. पळता पळताच बाजूला वळलं, मागून वळसा घालून पलीकडच्या वानराशेजारी जाऊन बसलं. भरल्या घरात पोरं मोठ्या माणसाला वळसा घालून पळतात, तसं.

कळप गेल्यावर मी उतरून पाहिलं. दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या मातीत पावलांची नुसती खिचडी झाली होती. मधली चार हात माती गुळगुळीत होती. मुंगीसुद्धा तिच्यावरून गेलेली दिसत नव्हती.

संध्याकाळी मी गिरिधरला सांगितलं.

"मीपण चार दिवसांपासून पाहून राह्यलो," तो म्हणाला. "मला वाटलं माझ्याच नोंदीत चूक आहे."

३

कारण शोधणं आम्हाला शिकवलेलंच होतं. दगडाखाली नाग असेल. अर्जुनाच्या मुळांतून काहीतरी झिरपत असेल आणि आम्हाला न येणारा वास जनावरांना येत असेल. बंदीच्या आधी तिथे सापळे लावत असतील आणि त्याची दहशत आईकडून पिल्लांकडे चालत आली असेल. शेवटचं कारण मला सगळ्यांत पटलं होतं. मी ते वहीत लिहिलंही.

रामकिसनला विचारलं. तो घागर भरायला रोज त्या पाणवठ्यावर जायचा, आणि दरडीच्या बाजूनं उतरायचा.

"तुम्ही त्या दगडावरून का उतरत नाही?" मी म्हणालो.

"जनावरं जात न्हाईत तिथून."

"पण का जात नाहीत?"

"ते मला ठावं न्हाई, साहेब. माझ्या बापालाबी ठावं नव्हतं. जनावरं सरकून बसायची, मंग आम्हीबी सरकून राह्यलो." तो तंबाखू मळत होता. त्याच्या आवाजात काही लपवल्यासारखं नव्हतं. रस्त्यात खड्डा आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

गिरिधर म्हणाला, "म्हणजे आजवर तिथे कुणी उभंच राह्यलं नाही?"

"कशाला राहायचं?" रामकिसन म्हणाला.

प्रयोग माझ्या डोक्यातून निघाला. तिथलं पाणी आणि चिखल घ्यायचा, दगडाखाली काठी घालून पाहायची, आणि माणूस उभा असताना जनावरं कशी वागतात ते आडोशातून लिहायचं. पाळी माझी होती. पण आदल्या दिवशी माझ्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता आणि पाय टेकवत नव्हता. गिरिधर म्हणाला, "तू लिही. मी जातो."

मी हो म्हणालो.

४

तो बाराच्या सुमाराला उतरला. ऊन इतकं होतं की दगडावरची हवा हलताना दिसत होती. मी आडोशात बसलो होतो, आमच्यामध्ये पन्नास पावलांचं अंतर आणि पाणी.

गिरिधरनं दगडाखाली काठी फिरवली. काही निघालं नाही. दोन बाटल्या पाण्यानं भरल्या, डबीत चिखल घेतला आणि उठून उभा राहिला. ठरल्याप्रमाणे त्यानं पाच मिनिटं थांबून परत यायचं होतं.

एवढ्यात पूर्वेच्या झाडीतून रोह्याची मादी आली. मागे आणखी दोन आणि एक वासरू. वारा गिरिधरकडून त्यांच्याकडे वाहत होता. वास लागताच ती उधळायला हवी होती. ती काठाकाठानं चालत सपाट दगडापर्यंत आली, मागून वळून त्याच्या उजव्या हाताला गेली आणि मान खाली घालून पाणी पिऊ लागली. त्यानं हात लांब केला असता तर पाठीला लागला असता. मग बाकीचीही आली.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला असं भाग्य जन्मात एकदा लाभतं, असंच मला प्रथम वाटलं. मी भराभर लिहू लागलो. लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. पाणी पिणारं जनावर दर दोन-तीन घोटांनी मान वर करतं. तीही करत होती. टेकडीकडे पाहत होती, माझ्या आडोशाकडे पाहत होती, आणि गिरिधरच्या डावीकडे, जिथे अर्जुनाच्या बुंध्यापर्यंत रिकामा दगड होता, तिकडे पाहत होती. गिरिधरकडे एकीनंही पाहिलं नाही.

पाच मिनिटं झाली. मी हात हलवला. तो हलला नाही. रोही पाणी पिऊन निघून गेली, तरी तो तिथेच, हात अंगाशी धरून, खांदे आखडून उभा. मी घड्याळ पाहिलं. एकूण चाळीस मिनिटं तो तसा उभा होता.

परत आला तेव्हा चेहरा खुललेला होता. "केवढं जवळ आलं जनावर, पाहिलंस?"

"पाहिलं. पण ती गेल्यावर तू थांबलास कशाला?"

"निघता कुठे येत होतं? बाजूला जागाच नव्हती."

"कुठल्या बाजूला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. विचारण्यासारखं यात काय आहे, असा भाव होता. मग त्यानं बाटल्या पिशवीत ठेवल्या आणि वासराच्या खुरांबद्दल बोलायला लागला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्याच्या उत्तरेला पावलंच पावलं उमटली होती. रोही, डुकरं, मोर. दुपारी वानरांची ओळ आली ती अखंड बसली.

चिखल उपसल्यामुळे वास गेला, असा निष्कर्ष आम्ही काढला. गिरिधर खुश होता. मीही होतो. रामकिसन त्या सकाळी घागर घेऊन आला, दरडीवर थांबला, बराच वेळ पाहत राहिला आणि मग आयुष्यात पहिल्यांदा सपाट दगडावरून उतरून त्यानं घागर भरली. वर आल्यावर तो गिरिधरच्या समोरून गेला, पण वाट सोडून, गवतातून.

भुऱ्या त्या दिवशी गिरिधरच्या पायाशी आला नाही असं नाही. आला. पण नेहमी डाव्या पायावर डोकं ठेवायचा, आता उजवीकडे येऊन झोपला. मी ते पाहिलं आणि विसरलो. चार दिवसांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा मात्र विसरता आलं नाही. ओसरीवर कोंबड्या दाणे टिपत यायच्या आणि गिरिधरच्या डाव्या अंगाला पोचल्या की फाकून जायच्या. दाणे तिथेच पडून राहायचे. धावड्याहून बैलगाडी आली तर बैल त्याच्या उजवीकडून निमूट गेले. डावीकडून न्यायला लागलं तेव्हा दोन्ही बैलांनी माना वळवून जू तिरकं केलं.

मी स्वतःला सांगितलं की दहा दिवस एकच रिकामी जागा पाहत बसलेल्या माणसाला सगळीकडे रिकामी जागाच दिसणार. हे बरोबरही असेल. म्हणून मी ताडून पाहायचं ठरवलं.

पाळी गिरिधरची होती. मी झाडांकडे जातो म्हणून निघालो आणि पूर्वेच्या टेकडीवर, सालईच्या झाडाआड बसलो. दुर्बीण बरोबर होती. सकाळचे अकरा. खाली आडोसा स्पष्ट दिसत होता आणि त्यात फळीवर बसलेला गिरिधर. डोक्याला रुमाल, मांडीवर वही. फळी तीन माणसं बसतील एवढी लांब. तो तिच्या उजव्या टोकाला बसला होता.

वानरं आली. पाणी न पिता ती आडोशासमोर, लांब, अर्धगोल करून बसली. तीस तोंडं एकाच दिशेला. गिरिधर पेन्सिलीनं लिहीत होता. वानरं पाहत होती ते त्याच्या डावीकडे.

मी दुर्बीण स्थिर धरली. फळीवर दुसरं कुणी नव्हतं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो. ऊन होतं, सावली नव्हती, दुर्बीण चांगली होती.

गिरिधरनं लिहिता लिहिता, मान वर न करता, वही उचलली आणि तो आणखी वीतभर उजवीकडे सरकला.

६

संध्याकाळी मी त्याला विचारलं. "फळीच्या टोकाला का बसतोस?"

"कुठे बसतो?" तो म्हणाला. "मधेच बसतो की."

खोटं बोलण्याची त्याला सवय नव्हती. तो बोलत होता ओसरीच्या कडेला बसून. अर्धी मांडी ओसरीखाली लोंबत होती, आणि डावीकडे सतरंजी रिकामी होती. तब्येत उत्तम, भूक उत्तम, नोंदी चोख. त्याला काही झालेलं नव्हतं. मला दुसरं काही म्हणता येत नव्हतं आणि हेही पुरेसं वाटत नव्हतं.

निघायच्या दिवशी सगुणाबाईनं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. गिरिधर गाडीत सामान ठेवत होता. तिनं मला चुलीपाशी बोलावलं. दोन महिन्यांत ती माझ्याशी आपणहून बोलली ती तेव्हाच.

"त्यांचं लगीन ठरलंय म्हणत होता ना तुम्ही, भाऊ?"

"हो. माझ्या बहिणीशी."

"तिला सांगा."

"काय सांगू, मावशी?"

"जे बघितलं ते. कमी न्हाई, जादा न्हाई." तिनं फडक्याची गाठ आवळली. "इथलं पाणी आता मोकळं झालं. आमचं बरं झालं. म्हणून सांगून राह्यले."

भोकरदनहून जालन्याला मोटार होती. बाजाराचा दिवस होता, आत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं दारात लोंबकळत होती. गिरिधर बाकावर बसला होता आणि त्याच्या डावीकडची जागा जालन्यापर्यंत रिकामी राहिली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी दीड तास त्या जागेसमोर उभी होती. मी तिला म्हणालो, बसा ना. तिनं त्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे बाबा. त्यांना कशाला तरास."

कुणाला, ते मी विचारलं नाही. मी स्वतः गिरिधरच्या उजवीकडे बसलो होतो.

७

जालन्याला आमचं घर स्टेशनच्या बाजूला होतं. वडील, म्हणजे अण्णा, वकिली करत. शरयू तेव्हा एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. मी घरी आल्यावर चौथ्या दिवशी, अण्णा कोर्टात गेल्यावर, ती मागच्या पडवीत लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसली होती. मी समोर बसलो आणि वहीत होतं तसं, तारखांसकट, सगळं सांगितलं. काटा माझ्या पायात मोडला होता, हेही.

ती ऐकत होती आणि कैऱ्या चिरत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "दादा, तुला ते वेडे झालेत असं वाटतं का?"

"नाही. वेड्यासारखं तो काहीच करत नाही."

"मंग काय वाटतं?"

"मला माहीत नाही. म्हणून तुला सांगतोय. तू नको म्हणालीस तर मी अण्णांशी बोलतो."

"काय बोलशील? जावई बसताना जागा सोडतात म्हणून सोयरीक मोडा?" तिनं हातातली फोड परातीत टाकली. "ते सरकतात तेव्हा त्यांचा चेहरा कसा असतो?"

हे मी कुठे लिहिलेलं नव्हतं. मला आठवून पाहावं लागलं. "पंगतीत कुणी शेजारी बसायला आलं की आपण सरकतो, तसा. चेहऱ्यावर काही नसतं."

"भीती?"

"बिलकुल नाही."

"आणि जागा डावीकडे."

"नेहमी डावीकडे."

"ती तर माझी जागा आहे," शरयू म्हणाली, आणि दुसरी कैरी उचलली.

मी तिला पुन्हा समजावलं. दोनदा समजावलं. अण्णांशी मात्र बोललो नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते वकिलाच्या समोर टिकणारं नव्हतं, आणि माझा अहवाल तोवर हैदराबादला पोचला होता. त्यात मी लिहिलं होतं की उत्तरेच्या कडेचा जनावरांनी वापर सुरू केला आणि त्याचं संभाव्य कारण तिथला चिखल काढणं हे होय. प्राध्यापकांना ते निरीक्षण आवडलं होतं.

८

लग्न दुपारचं होतं. होमाच्या वेळी शरयू गिरिधरच्या उजवीकडे बसली होती. डावीकडचा पाट रिकामा होता. माझ्या लक्षात आलं की भटजींनी समिधा, तूप, पळी सगळं त्या पाटापासून लांब, उजवीकडे मांडलंय.

विधी उरकत आले तसे भटजी म्हणाले, "मुलीनं आता डाव्या अंगाला यावं."

शरयू उठली. गिरिधरच्या मागून फिरून आली आणि पाटापाशी थांबली. दोन श्वास घेण्याइतकीच थांबली. बायकांना वाटलं शालू पायात आला. आई पुढे व्हायला निघाली, तिला शरयूनं हातानंच नको म्हटलं. मग ती बसली, नीट, टेकून, त्याच्या खांद्याला खांदा लावून. गिरिधर सरकला नाही.

मी कित्येक महिन्यांत प्रथमच पोटभर जेवलो.

पुढे गिरिधरला औरंगाबादला शिकवायची नोकरी लागली. शरयूची पत्रं येत. घर, शेजार, हवा, पुस्तकं. मुलगी झाली, तिचं नाव तारा ठेवलं. पत्रांत खटकावं असं काही नसायचं.

१९४४ च्या चैत्रात ती महिनाभर माहेरी राहायला आली. गिरिधर पोचवायला आला होता. आमच्या गल्लीतलं, त्याच्या ओळखीचं नसलेलं एक कुत्रं दारातच त्याच्या डाव्या हाताला येऊन चिकटलं आणि त्यानं ते मनसोक्त खाजवलं. मी बराच वेळ पाहत राहिलो. तो पूर्वीसारखा दिसत होता, मोकळा, ऐसपैस. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू मागच्या पडवीत चटईवर वाल सोलत बसली होती. चटईच्या एका टोकाला. आई तिच्याशी बोलत आत-बाहेर करत होती आणि प्रत्येक वेळी चटईच्या बाहेरून जात होती. आईला मी कधीच काही सांगितलेलं नव्हतं.

आई आत गेल्यावर मी म्हणालो, "शरयू."

"हं."

"तुला माहीत होतं ना, काय करतेयस ते? पाटापाशी थांबलीस तेव्हा."

"पाहून थोडीच बसले? तू सांगितलंस तेवढंच माहीत होतं." तिनं वाल सोलणं थांबवलं नाही. "ते सुटले, एवढं पुरे."

"आणि तू?"

"सवय होते."

"मी बसतो तिथे," मी म्हणालो. चटईकडे हात केला. गेली तीन वर्षं हे वाक्य माझ्याजवळ होतं. "मुळात पाळी माझी होती. तू सरकू नकोस. मी येऊन बसतो आणि तू ऊठ."

मी उठलोही. तिनं मान वर केली. रागानं नाही, पण तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"नको, दादा. आता इथे बसून काही उपयोग नाही." ती पुन्हा परातीत पाहू लागली. "मी आपली सवयीनं सरकते. गेल्या महिन्यापासून ते माझ्याकडे नसतंच."

मला लगेच कळलं नाही. अंगणात तारा होती. चौदा महिन्यांची, नुकतीच चालायला शिकलेली. सकाळचं स्वच्छ ऊन होतं आणि अंगण सारवून मोकळं ठेवलेलं. ती तुळशीकडून आमच्याकडे येत होती. डावा हात डोक्याच्या वर उचललेला, मूठ घट्ट मिटलेली. चालायला शिकणारी मुलं मोठ्या माणसाचं बोट धरतात, तशी. पाऊल वेडंवाकडं पडत होतं. तोल जात होता आणि सावरला जात होता.

"अजून एकदाही पडली नाही," शरयू म्हणाली.

तारा पडवीच्या पायरीशी पोचली. पायरी तिच्या गुडघ्यापेक्षा उंच. तिची मूठ आणखी वर गेली, खांदा कानाला लागेपर्यंत, आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून ती पायरी चढून आली.

मग ती थांबली आणि वर पाहून हसली. मी तिच्यासमोर उभा होतो. ती पाहत होती ते माझ्या डोक्याच्या बरंच वर.